वाळूतला टोळ, प्रवाहातली माशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टोळधाड हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की न कळवता जेवायला आलेल्या दहा पाहुण्यांनाही तो लावला जातो. खरी टोळधाड मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे. विदर्भातल्या काही शेतकऱ्यांवर ती वेळ मे २०२० मध्ये आली. मध्य प्रदेशातून सरकलेले थवे अमरावती जिल्ह्यात मोर्शी-वरुडकडे आणि नागपूर जिल्ह्यात काटोलकडे उतरले. हा सगळा संत्र्यांचा मुलूख. लोकांनी थाळ्या वाजवल्या, धूर केला, फवारणी झाली. आणि घरोघरी प्रश्न विचारला गेला, की हे किडे आले कुठून आणि इतके दिवस होते कुठे?

हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. ते कसे सापडले हे आज सांगायचे आहे, पण टोळाच्या शेजारी दुसऱ्या एका कीटकाला बसवून. हा दुसरा कीटक आफ्रिकेत कुप्रसिद्ध आहे. मराठीत त्याला रूढ नाव नाही. इंग्रजीत त्याला ब्लॅक फ्लाय म्हणतात, आपण काळी माशी म्हणू. टोळ वाळवंटातला, झाडपाला खाणारा, बोटभर लांब. काळी माशी दोन-चार मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली, आणि तिचे सारे बालपण खळाळत्या पाण्यात जाते. एक माणसाच्या तोंडचा घास पळवतो, दुसरी डोळे घेते. वरवर पाहता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी या दोघांविरुद्ध माणसाने गेल्या शतकात ज्या दोन मोहिमा काढल्या, त्या शेजारी ठेवून पाहिल्या की बरेच काही कळते.

टोळाच्या शास्त्रीय इतिहासाचा एक धागा मुंबईला येऊन टेकतो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात सहा जणांची एक संशोधक तुकडी धाडली. तिच्यात पेटर फोर्सकॉल हा लिनीयसचा शिष्य होता. वाटेत दिसेल ती वनस्पती, दिसेल तो प्राणी तो टिपून ठेवी. जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये तो तापाने गेला. तुकडीतले एकेक जण असेच गळत गेले. उरलेले दोघे मुंबई बंदरात पोचले, त्यातला डॉक्टर मुंबईतच वारला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. मुंबईत वर्षभराहून अधिक राहून, घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढून तो यथावकाश मायदेशी परतला. मित्राची टिपणे त्याने जपली होती. ती १७७५ साली छापली, आणि त्या पुस्तकात वाळवंटी टोळाला पहिले शास्त्रीय नाव मिळाले. त्या नावातल्या ‘ग्रेगारिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कळपाने राहणारा’. नाव चपखल होते, आणि तेच पुढे दीडशे वर्षे सर्वांना फसवत राहिले.

कारण हा कीटक नेहमी कळपाने राहत नाही. धाड येते, काही वर्षे धुमाकूळ चालतो, मग टोळ एकाएकी नाहीसे होतात. जातात कुठे? जाणकार वाळवंटे धुंडाळत, आणि त्यांना दिसत ते इकडे एक तिकडे एक असे फिरणारे करडे नाकतोडे. ते रात्री उडत, एकमेकांना टाळत. त्यांना वेगळी जात समजून शास्त्रज्ञ पुढे जात.

कोडे सोडवले ते बोरिस उवारोव्ह या रशियन कीटकशास्त्रज्ञाने. उरल नदीकाठच्या गावात १८८६ साली जन्मलेला हा माणूस कॉकेशसच्या उत्तरेला स्टाव्रोपोल भागात टोळांशी झुंजत होता. तिथले टोळ दुसऱ्या जातीचे, पण कोडे तेच. दोन वेगळ्या जाती म्हणून पुस्तकांत नोंदलेले कीटक त्याला एकमेकांत मिसळलेले दिसू लागले, अधलेमधले नमुने सापडू लागले. रशियातल्या उलथापालथीनंतर तो लंडनला आला आणि १९२१ साली त्याने आपले म्हणणे मांडले, की या दोन जाती नाहीतच. एकाच कीटकाची ही दोन रूपे आहेत, एकांतातले आणि गर्दीतले. वाळवंटी टोळालाही हेच लागू पडते, हे पुढे दिसले. मग टोळ नाहीसे झाल्यावर जातात कुठे, तर कुठेच जात नाहीत. ते आपल्या डोळ्यांसमोर असतात, आपण त्यांना ओळखत नाही.

गर्दीत रूप पालटते कसे, हे कळायला आणखी ऐंशी वर्षे लागली. पाऊस पडला की टोळाची मादी ओल्या वाळूत दहा-पंधरा सेंटीमीटर खोल अंडी घालते. पिल्ले निघतात, गवत वाढते. गवत सुकू लागले की उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर सगळी पिल्ले दाटीने जमतात. मागच्या पायांच्या मांड्या एकमेकांना घासू लागतात. हा स्पर्श काही तास चालू राहिला, तर शरीरात सेरोटोनिन नावाचे द्रव्य वाढते, आणि कालपर्यंत एकमेकांपासून पळणारे टोळ एकमेकांकडे ओढले जातात. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे २००९ साली दाखवून दिले. सेरोटोनिन माणसाच्या मेंदूतही असते. (गर्दीत माणसाचे काय होते, हा विषय आज आपला नाही.) वागणे आधी बदलते, रंग मागाहून. हिरवी पिल्ले पिवळी-काळी होतात, पंख फुटलेले टोळ आधी गुलाबी आणि वयात आल्यावर पिवळे दिसतात. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ मावतात. प्रत्येकाचे वजन सुमारे दोन ग्रॅम, आणि तो रोज जवळजवळ आपल्या वजनाइतके खातो.

आता काळ्या माशीकडे येऊ. हिची अंडी वाहत्या पाण्यात लोंबणाऱ्या पानांवर, काड्यांवर असतात. अळीला साचलेले पाणी चालत नाही. तिला खळाळ लागतो, कारण तिथे हवा पाण्यात मिसळलेली असते आणि अन्नाचे कण आयते वाहत येतात. दगडावर ती रेशमी धाग्याची छोटी गादी विणते, शेपटीकडचे आकडे तिच्यात रोवते आणि प्रवाहात लोंबत राहते. डोक्यावर पंख्यासारखे दोन केसाळ अवयव असतात, त्यांची गाळणी करून कण टिपते. निसटली तर धाग्याला धरून पुढच्या दगडापर्यंत जाते. आठ-दहा दिवसांत तिचा कोष होतो, आणि कोषातून माशी निघते ती हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते. पाण्याचा थेंबही अंगाला न लागता ती उडते. पुढे मादीला अंड्यांसाठी रक्त हवे असते, तिथून दुखणे सुरू होते.

तिच्या चाव्यातून एका परजीवी कृमीची सूक्ष्म पिल्ले माणसात शिरतात. मोठे झालेले कृमी कातडीखाली गाठी करून दहा-पंधरा वर्षे जगतात. त्यांची असंख्य सूक्ष्म पिल्ले कातडीत फिरतात आणि भयंकर खाज सुटते. डोळ्यांत ती मरतात, तिथे दाह होतो आणि वर्षानुवर्षांच्या दाहाने बुबुळ पांढरे पडते. गाठी आणि डोळ्यांचा संबंध रोदोल्फो रोब्लेस या डॉक्टरने १९१५ साली ग्वाटेमालात ओळखला. माशीचा हात डोनाल्ड ब्लॅकलॉकने १९२६ साली सिएरा लिओनमध्ये पकडला. या रोगाला ‘नदीचे आंधळेपण’ हे नाव मिळाले ते मात्र एका बाईंमुळे. जॉन विल्सन हे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात बाराव्या वर्षी दृष्टी गमावलेले ब्रिटिश गृहस्थ. अंधांसाठी काम करताना ते पत्नी जीन यांच्यासह तेव्हाच्या गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, उत्तर भागात फिरले. रोगाचे शास्त्रीय नाव लांबलचक आणि उच्चारायला अवघड. जीनबाईंनी सोपे नाव काढले, आणि जगाने तेच उचलले.

पश्चिम आफ्रिकेतल्या व्होल्टा नदीच्या खोऱ्यांत काही गावांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्मे आंधळे झाले होते. हातात काठी, काठीचे दुसरे टोक पोराच्या हातात, असे म्हातारे तिथे रोज दिसत. पोराची शाळा त्या काठीला बांधलेली. शेवटी गावे नदीकाठची कसदार जमीन सोडून माळावर जात, तिथली जमीन निकस, म्हणून काही वर्षांनी पुन्हा नदीकडे. धरणांनी या प्रश्नाचा गुंता वाढवला. धरणाच्या फुगवट्याखाली खळाळ बुडतात हे खरे, पण सांडव्यावरून पाणी वेगाने कोसळते, तो अळीसाठी माणसाने बांधून दिलेला खळाळच.

माशीच्या बाबतीत शास्त्राची चूक टोळाच्या अगदी उलट निघाली. आफ्रिकेत जिथे तिथे ही एकच माशी आहे, असे समजून काम चालले होते. पण कुठे ती माणसांना चावे, कुठे ढुंकूनही पाहत नसे. सवाना प्रदेशात आंधळेपण, दाट जंगलात तीच माशी आणि तोच कृमी असूनही आंधळे कमी. डनबार या शास्त्रज्ञाने अळ्यांच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे तपासली आणि १९६६ साली सांगितले, की ही एक जात नव्हे, दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असलेल्या अनेक जातींचा हा घोळका आहे. आज असे पन्नासहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. म्हणजे टोळाच्या बाबतीत दोनांचे एक झाले आणि माशीच्या बाबतीत एकाचे अनेक. मला या दोन शोधांची जोडी फार मोलाची वाटते. शत्रू कोण हेच ठाऊक नसेल, तर पंपात कितीही भारी औषध भरून उपयोग काय?

पूर्व आफ्रिकेतल्या एका बहिणीचा किस्सा सांगायलाच हवा. केनियात नदीकाठचे लोक आंधळे होत होते, माशा चावत होत्या, पण नदीत एका दगडावर अळी सापडेना. मॅकमेहन नावाचा अधिकारी १९४६ पासून तिथल्या नद्यांत डीडीटी सोडत होता, आणि माशा कमीही होत होत्या. अळ्या सापडल्या त्या १९५० साली, आणि त्या दगडांवर नव्हत्याच, नदीतल्या खेकड्यांच्या पाठीवर होत्या. खेकडा त्यांना पाण्यात हिंडवून आणी!

पश्चिम आफ्रिकेतली मोठी मोहीम उभी राहिली ती १९७४ साली. जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नामारा १९७२ साली अपर व्होल्टा देशात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, गेले होते. व्हिएतनाम युद्धातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री म्हणून जगाला ठाऊक असलेले हेच ते. काठीवाली मुले त्यांनी तिथे पाहिली. काठी धरून चाललेल्या मुलाचा पुतळा वॉशिंग्टनमध्ये बँकेच्या मुख्यालयात उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम चालवायची, बँकेने पैसा गोळा करायचा, आधी सात देश, पुढे अकरा. तत्त्व अगदी साधे. अळी आठ-दहा दिवस दगडाला चिकटलेली असते, मग दर आठवड्याला हेलिकॉप्टरने खळाळाच्या वर औषध सोडायचे. एकही पिढी मोठी होऊ द्यायची नाही. पण माणसाच्या अंगातले कृमी दीड दशक जगतात, म्हणून हे निदान तेवढी वर्षे न थांबता करायचे. आठवड्याचे काम, आणि मुदत वीस वर्षांची!

पहिल्याच पावसाळ्यात घोळ झाला. नद्यांत अळी दिसत नव्हती, तरी माशा चावत होत्या. पकडून फाडून पाहिल्या तर त्या वयस्क निघाल्या, आधी कुठेतरी अंडी घालून आलेल्या, आणि काहींच्या पोटात कृमी. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांवर बसून त्या चारशे-पाचशे किलोमीटर उडून येत होत्या. दोन-चार मिलिमीटरची माशी!

आणि इथे आपले दोन्ही कीटक एकाच वाऱ्यात भेटतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ रेजिनाल्ड रेनी यांनी १९५१ साली टोळांबद्दल हेच मांडले होते. थवे मनाला येईल तिकडे जात नाहीत. वाऱ्याबरोबर जातात, आणि जिथे दोन बाजूंचे वारे एकत्र येऊन पाऊस पाडतात, तिथे पोचतात. वाळवंटातल्या किड्याला जे हवे, ते वाराच त्याला नेऊन देतो. ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले टोळ वाऱ्यावर अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरले, तेव्हा वाऱ्याच्या ताकदीबद्दल कोणाला शंका उरली नाही. माशीच्या मोहिमेने यावर उपाय काढला, तो म्हणजे वारा जिथून येतो तिथल्या नद्यांपर्यंत मोहीम पसरवायची. देश सातांचे अकरा झाले ते यामुळे. अळ्या औषधाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा औषधे आलटून पालटून वापरली. त्यांत फक्त अळ्यांना मारणारा एक जिवाणूही होता. गांबियाचे डॉ. एब्राहिम सांबा १९८० पासून चौदा वर्षे संचालक होते. ५० हजार किलोमीटर लांबीच्या नद्या या कामाखाली आल्या. आयव्हरमेक्टिन ही गोळी १९८७ पासून कंपनीने फुकट देऊ केली, तिने माणसाच्या अंगातली सूक्ष्म पिल्ले मारण्याचे काम केले. तिच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळाले, ती कथा अनेकांनी सांगितली आहे. मोहीम डिसेंबर २००२ मध्ये संपली. अठ्ठावीस वर्षे, सुमारे ६० कोटी डॉलर, सहा लाख माणसांचे आंधळेपण टळले, अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीसाठी मोकळी झाली.

टोळाच्या बाबतीत असा डिसेंबर कधी उगवला नाही. याचे एक कारण उघड आहे. माशीला पत्ता आहे, अमुक नदीचा अमुक खळाळ. टोळाला नाही. शांततेच्या काळातही तो मॉरिटानियापासून थरच्या वाळवंटापर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेला असतो. म्हणजे भारताच्या जवळजवळ पाचपट मुलूख, आणि पाऊस त्यात कुठे पडेल याचा नेम नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. माशी रोज चावते, टोळ मधूनच येतो. धाड ओसरली की पैसा आटतो, जुनी माणसे निवृत्त होतात, गाड्या गंजतात. पश्चिम आफ्रिकेत २००३ च्या अखेरीस धोक्याचे इशारे दिले गेले. अन्न व कृषी संघटनेने २००४ च्या आरंभी मागितले ते ९० लाख डॉलर. पैसे रेंगाळले, टोळ रेंगाळले नाहीत. ऑगस्टपर्यंत गरज दहा कोटींवर गेली.

२०२० च्या धाडीचे बीजही असेच नजरेआड रुजले. मे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन चक्रीवादळे अरबस्तानातल्या ‘रब अल् खाली’ या ओसाड वाळवंटावर येऊन कोसळली. तिथे तळी साचली, हिरवळ उगवली, आणि टोळांच्या लागोपाठ तीन पिढ्या कोणाच्याही नकळत वाढल्या. शेजारच्या येमेनमध्ये युद्ध चालू होते, फवारणी करणार कोण? थवे एकीकडे सोमालिया-केनियाला गेले, दुसरीकडे इराण, पाकिस्तान आणि राजस्थानात. पावसाळ्याआधी राजस्थानात हिरवे काही नव्हते, म्हणून पश्चिमी वाऱ्याबरोबर ते पूर्वेला सरकले आणि आपल्या संत्र्यांपर्यंत आले. माशीच्या मोहिमेलाही युद्धाने असाच फटका दिला होता. अकरा देशांपैकी सिएरा लिओनमध्ये यादवीमुळे काम थांबले आणि तो देश मागे राहिला. पुढे २०२५ च्या जानेवारीत नायजर हा नदीच्या आंधळेपणापासून मुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश म्हणून जाहीर झाला. सुरुवातीच्या सात देशांतला तो एक.

आपल्याकडे टोळ इशारा संघटना १९३९ साली कराचीत स्थापन झाली. त्याआधीच रावबहादूर वाय. रामचंद्र राव यांनी टोळांचा मागोवा काढला होता. हिवाळी-वासंतिक पावसावर बलुचिस्तान आणि पलीकडे, मग मॉन्सूनवर थरमध्ये, असा टोळांच्या पिढ्यांचा फेरा असतो. फाळणीने हा फेरा मधोमध कापला, टोळांना त्याचा पत्ता नव्हता. १९६४ साली अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत यांचा संयुक्त आयोग झाला. १९७७ पासून भारत-पाकिस्तानचे टोळ अधिकारी जून ते नोव्हेंबर दर महिन्याला सीमेवर भेटू लागले, कधी अलीकडे मुनाबावला, कधी पलीकडे खोखरापारला. याच दोन स्थानकांमधून जाणारी थार एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली, व्यापार तुटला. तरी २०२० च्या उन्हाळ्यात चारही देशांचे टोळ अधिकारी दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावर भेटत होते. कोणत्या भागात पिल्ले निघाली, थवे कोणत्या दिशेने निघाले, हे एकमेकांना सांगत होते.